सरकारी कार्यालयातील वांशिक छळ आणि 'तीव्र किंवा व्यापक' हा मापदंड : एक चिकित्सा

प्रस्तावना

कार्यालयात एखाद्या कर्मचाऱ्याचा त्याच्या वंशावरून अपमान झाला, तर त्या अपमानाची दखल कायद्याने नेमकी केव्हा घ्यावी? पहिल्या शब्दाला, दहाव्या शब्दाला, की त्या शब्दांना कंटाळून त्याने नोकरी सोडल्यावर? हा प्रश्न कायद्याच्या वर्गापुरता मर्यादित समजला जातो. परंतु त्याचे उत्तर प्रशासनाची रचना, समाजाची मानसिकता आणि भाषेचा वापर या सर्वांशी निगडित असल्याने बहुविद्याशाखीय चर्चेत त्यास स्थान मिळणे अगत्याचे आहे. अमेरिकेत या प्रश्नावर गेल्या पन्नासहून अधिक वर्षांत न्यायनिर्णयांचा मोठा संचय झाला असून त्यातील कित्येक निर्णय सरकारी वा सार्वजनिक संस्थांतील कर्मचाऱ्यांच्या तक्रारींतून आलेले आहेत. प्रस्तुत लेखात त्या संचयातील मध्यवर्ती मापदंडाची, म्हणजे छळ हा 'तीव्र किंवा व्यापक' असला पाहिजे या अटीची, चिकित्सा करावयाची आहे.

लेखाचे प्रतिपादन असे की, हा मापदंड तक्रारदारास एकाच वेळी दोन परस्परविरोधी आज्ञा देतो. छळ सिद्ध करावयाचा असेल तर थांब, पुरावा साचू दे. आणि हक्क टिकवावयाचा असेल तर त्वरा कर. या दोहोंचा मेळ घालण्याची जबाबदारी न्यायालयाने स्वतःकडे न घेता ज्याचा छळ होतो त्याच्यावरच टाकली आहे. संघराज्याच्या थेट सेवेत असलेल्या कर्मचाऱ्यावर तर हा भार सर्वांत जड पडतो.

आरंभीच एक शब्दविचार. मराठीत 'छळ' म्हटले की त्यात सातत्य गृहीत असते. एका प्रसंगाला आपण 'अपमान' म्हणू, 'पाणउतारा' म्हणू. छळ हा दिवसेंदिवस चालतो, तो 'मांडला' जातो. सासरचा छळ एका वाक्याने होत नाही, असे आपली भाषा मानते. अमेरिकन न्यायालयांच्या मनातील चित्रही याहून फार वेगळे नाही, आणि अडचण नेमकी तेथूनच सुरू होते.

मापदंडाची जडणघडण

१९१३ साली वुड्रो विल्सन अध्यक्ष झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत कोषागार व टपाल खात्यांसारख्या संघीय कार्यालयांत कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना वेगळे बसविण्याची व्यवस्था रूढ झाली. १९१४ पासून नोकरीच्या अर्जासोबत छायाचित्र मागण्यात येऊ लागले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी न्यूयॉर्कला पोहोचले ते याच १९१३ च्या जुलैमध्ये, हा योगायोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. सरकार हाच भेदभाव करणारा मालक, ही त्या देशातील कृष्णवर्णीय कारकुनाची जुनी ओळख होती. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या 'टायटल सेव्हन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भागाने रोजगारातील भेदभावास मनाई केली खरी. पण ती मुख्यतः खासगी मालकांना. सरकारी कर्मचारी, मग ते संघराज्याचे असोत, घटकराज्याचे असोत की नगरपालिकेचे, या संरक्षणाखाली आले ते १९७२ च्या दुरुस्तीने. मालकांना शिस्त लावणाऱ्या सरकारला स्वतः त्या शिस्तीखाली यावयास आठ वर्षे लागली.

टायटल सेव्हनमध्ये 'छळ' हा शब्द नाही. नोकरीच्या 'अटी, शर्ती किंवा विशेष सवलती' यांबाबत भेदभाव करू नये, एवढेच ते सांगते. या शब्दांतून कार्यालयातील वातावरणाचा अर्थ प्रथम काढला तो १९७१ साली पाचव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने, रॉजर्स विरुद्ध समान रोजगार संधी आयोग या प्रकरणात. चष्म्यांच्या एका व्यवसायात ग्राहकांना त्यांच्या वंशमुळावरून वेगळे ठेवले जात होते, आणि स्पॅनिश नावाच्या एका कर्मचारी महिलेने त्याबद्दल तक्रार केली होती. भेदभावाने दूषित झालेले वातावरण हीदेखील नोकरीची एक अट ठरू शकते, ही मूलगामी कल्पना या निर्णयात आली. परंतु त्याच निर्णयात न्यायालयाने असेही म्हणून ठेवले की, वंशावरून उच्चारलेल्या एखाद्या अपशब्दाने कर्मचाऱ्याचे मन दुखावले, एवढ्याने नोकरीच्या अटींवर परिणाम झाला असे होत नाही. हक्क आणि त्याची मर्यादा अशा रीतीने एकाच निर्णयात जन्मास आल्या. पुढच्या न्यायालयांनी हक्काइतकाच, किंबहुना हक्कापेक्षा अधिक, त्या मर्यादेचा आधार घेतला.

१९८६ साली मेरिटर सेव्हिंग्ज बँक विरुद्ध व्हिन्सन या लैंगिक छळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने रॉजर्समधील ते वाक्य उचलले आणि छळ हा नोकरीच्या अटी बदलून टाकण्याइतका 'तीव्र किंवा व्यापक' असला पाहिजे, हे सूत्र मुक्रर केले. म्हणजे वांशिक भेदभावाच्या खटल्यातून निघालेली कल्पना लैंगिक छळाच्या खटल्यात घडली आणि घडलेल्या स्वरूपात पुन्हा वांशिक छळाला लागू झाली. या प्रवासात एक गोष्ट निसटली. वांशिक अपशब्दामागे गुलामगिरीचा आणि झुंडबळींचा इतिहास उभा असतो. तो शब्द ऐकणाऱ्यास उच्चारणाऱ्याच्या हातातील सत्तेचे स्मरण देतो. 'किती वेळा' हा प्रश्न त्या शब्दाच्या बाबतीत मुळातच गैरलागू असू शकतो, याचे भान सूत्रात उरले नाही.

१९९३ च्या हॅरिस विरुद्ध फोर्कलिफ्ट सिस्टिम्स या निर्णयात न्यायमूर्ती सँड्रा डे ओ'कॉनर यांनी सूत्र काहीसे मानवी केले. तक्रारदार मानसिकदृष्ट्या कोसळेपर्यंत कायद्याने वाट पाहावयाची नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. वर्तनाची वारंवारता, तीव्रता, त्यात शारीरिक धाक वा मानखंडना होती की केवळ दुखावणारे उद्गार होते, कामात अडथळा आला काय, या साऱ्यांचा साकल्याने विचार करावा, आणि विवेकी व्यक्तीलाही ते वातावरण प्रतिकूल वाटले पाहिजे तसेच तक्रारदारालाही प्रत्यक्षात तसे वाटलेले असले पाहिजे, अशी दुहेरी कसोटी त्यांनी घातली. न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी सहमती देताना ही भाषा संदिग्ध असल्याची तक्रार केली होती. त्यांचा एकूण दृष्टिकोन पटो वा न पटो, ही तक्रार रास्त होती असे म्हणावे लागेल. घटक मोजले गेले. पण कोणत्या घटकाचे वजन किती, हे ज्याच्या त्याच्या न्यायालयावर राहिले.

परिणाम काय झाला ते टेक्सासमधील एका प्रकरणावरून दिसते. डॅलस परगण्याच्या सार्वजनिक रुग्णालयात काम करणाऱ्या एका कृष्णवर्णीय कर्मचाऱ्याची तक्रार अशी होती की, उद्‌वाहकाच्या भिंतीवर कोणी तरी सर्वांत हीन असा वांशिक अपशब्द कोरला, तो कित्येक महिने तसाच राहिला; एका खोलीच्या भिंतीवर स्वस्तिकाची नाझी चिन्हे काढण्यात आली; आणि प्रौढ पुरुष असताना त्यास 'पोऱ्या' म्हणून हाक मारण्यात आली. २०२० साली पाचव्या परिमंडळाच्या न्यायालयाने हे पुरेसे तीव्र वा व्यापक नाही असे ठरविले. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारण न देता प्रकरण ऐकण्यास नकार दिला. तो शब्द त्या कर्मचाऱ्यास उद्देशून नव्हता, त्याच्या कामात अडथळा आला नाही, असा युक्तिवाद मान्य झाला. उद्‌वाहकातून दररोज ये-जा करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने 'व्यापक' याचा अर्थ याहून निराळा काय असू शकतो, हे प्रस्तुत लेखकास उमगत नाही. भिंतीवरचा शब्द एकदाच लिहिला जातो, पण वाचला रोज जातो. शिवाय तो महिनोन्महिने पुसला न जाणे हे व्यवस्थापनाचे रोजचे कृत्य आहे. न्यायालयाने लिहिणाऱ्याची कृती मोजली, न पुसणाऱ्याची मोजली नाही.

उलटपक्षी २०१३ साली कोलंबिया जिल्ह्याच्या अपील न्यायालयात न्यायाधीश ब्रेट कावानॉ यांनी एका स्वतंत्र सहमतीपत्रात, वरिष्ठाने हाच अपशब्द एकदा वापरणेही पुरेसे ठरू शकते, असे निःसंदिग्धपणे लिहिले होते. ते २०१८ पासून सर्वोच्च न्यायालयात आहेत. २०२२ मध्ये खुद्द पाचव्या परिमंडळानेही दुसऱ्या एका प्रकरणात वरिष्ठाच्या एका उद्गारावर आधारलेली तक्रार ग्राह्य मानली. तेव्हा मापदंड एक, शब्द एक, आणि उत्तरे मात्र न्यायासन व वर्ष पाहून बदलणारी, अशी स्थिती आहे.

थांबावे की धावावे

इथपर्यंतची टीका अमेरिकन अभ्यासकांनीही केलेली आहे. त्याहून अधिक गंभीर वाटतो तो कालाचा पेच, आणि तो नीट पाहण्यासाठी चार निर्णय शेजारी ठेवून वाचले पाहिजेत.

पहिला, १९९८ चा फॅरागर विरुद्ध सिटी ऑफ बोका रॅटन. फ्लोरिडातील एका नगरपालिकेच्या किनारारक्षक महिलेचे हे प्रकरण. या व त्याच दिवशीच्या एलर्थ प्रकरणात न्यायालयाने मालकाला एक बचाव उपलब्ध करून दिला : छळ रोखण्याची वाजवी व्यवस्था आम्ही केली होती आणि कर्मचाऱ्याने त्या व्यवस्थेचा लाभ घेतला नाही, असे मालक दाखवू शकला, तर तो सुटू शकतो. पदावनती वा बडतर्फीसारखी ठोस कारवाई झालेली असेल तर हा बचाव चालत नाही. पण छळाच्या बहुसंख्य प्रकरणांत अशी कारवाई नसतेच. याचा कर्मचाऱ्यासाठी अर्थ असा की, लवकर तक्रार करा. उशीर कराल तर दोष तुमचा.

दुसरा, २००१ चा क्लार्क काउंटी स्कूल डिस्ट्रिक्ट विरुद्ध ब्रीडन. सार्वजनिक शाळांच्या प्रशासनातील एका महिलेने एका बैठकीतील एका लैंगिक टिप्पणीबद्दल तक्रार केली आणि नंतर आपल्यावर सूड उगवला गेला असे तिचे म्हणणे होते. न्यायालयाने सांगितले की, एवढ्या एका टिप्पणीने कायद्याचा भंग झाला असे कोणतीही विवेकी व्यक्ती मानणार नाही. त्यामुळे तिच्या तक्रारीलाच संरक्षण नाही. म्हणजे लवकर तक्रार कराल तर सूडापासून तुम्हांस वाचविता येणार नाही.

हे दोन निर्णय एकत्र वाचले की कर्मचाऱ्यास उभे राहण्यास जागा उरत नाही. त्याचे प्रत्यक्ष उदाहरण २००६ साली चौथ्या परिमंडळात घडले. हे प्रकरण खासगी नोकरीतील असले तरी नियम सर्वांस सारखाच लागू होता. ऑक्टोबर २००२ मध्ये वॉशिंग्टन परिसरात दहशत माजविणाऱ्या बंदुकधाऱ्यांना अटक झाल्याची बातमी दूरचित्रवाणीवर पाहत असता एका सहकाऱ्याने त्यांच्या वंशाबद्दल अत्यंत किळसवाणे उद्गार काढले. शेजारी असलेल्या कृष्णवर्णीय कर्मचाऱ्याने वरिष्ठांना कळविले. नियमपुस्तिकेत तसेच करण्यास सांगितले होते. पुढे त्याची नोकरी गेली. न्यायालयाचे बहुमत म्हणाले, एका उद्गारावरून प्रतिकूल वातावरण निर्माण होत असल्याचा समज वाजवी नव्हता, सबब संरक्षण नाही. न्यायाधीश किंग यांनी विरोधी मत नोंदविले. नऊ वर्षांनी, २०१५ मध्ये, एका हॉटेलातील परिचारिकेस दोन दिवसांत दोनदा वांशिक शिवी देण्यात आल्याच्या बॉयर-लिबर्टो प्रकरणात त्याच न्यायालयाच्या पूर्णपीठाने जुना निर्णय रद्द केला, आणि नवा निर्णय लिहिला तो त्याच किंग यांनी. न्यायाधीश स्वतःच्या विरोधी मताला बहुमत झालेले पाहतो, असे प्रसंग विरळा. परंतु हा निर्णय एका परिमंडळापुरता बंधनकारक आहे, हे विसरता येत नाही.

चौथा निर्णय २००२ चा, नॅशनल रेलरोड पॅसेंजर कॉर्पोरेशन विरुद्ध मॉर्गन. कृष्णवर्णीय रेल्वे कर्मचाऱ्याच्या या प्रकरणात न्यायमूर्ती थॉमस यांनी प्रतिकूल वातावरण हे अनेक कृत्यांचे मिळून एकच बेकायदा कृत्य मानले. त्यातील एक कृत्य जरी मुदतीत असले तरी मागची सर्व विचारात घेता येतात. कालाच्या पेचावर न्यायालयाने दिलेला हा सर्वांत उदार तोडगा होय. तथापि त्याने मुदतीचा प्रश्न सोडविला, फॅरागरचा नाही. मुदतीसाठी थांबता येते. पण थांबल्याबद्दल मालकाच्या बचावाला बळ मिळते.

आता हा पेच संघराज्याच्या कर्मचाऱ्याच्या जागेवरून पाहू. खासगी, राज्य वा स्थानिक सेवेतील कर्मचाऱ्यास आयोगाकडे जाण्यास १८० दिवस, अनेक राज्यांत ३०० दिवस मिळतात. संघीय कर्मचाऱ्याने घटनेपासून ४५ दिवसांच्या आत स्वतःच्याच खात्यातील समान संधी समुपदेशकाशी संपर्क साधावा लागतो. १९९२ पूर्वी ही मुदत ३० दिवसांची होती. समुपदेशन सामान्यतः ३० दिवस चालते. ते संपल्याची सूचना मिळाल्यावर १५ दिवसांत औपचारिक तक्रार. मग सामान्यतः १८० दिवसांत चौकशी. दिवसांचा हा हिशेब कर्मचाऱ्याच्या बाजूने काटेकोर आणि खात्याच्या बाजूने सैल असतो, हे या पद्धतीशी परिचित असलेल्या कोणासही ठाऊक आहे.

मुदतीने काय होते याची दोन उदाहरणे पुरेत. १९७६ च्या ब्राउन विरुद्ध जनरल सर्व्हिसेस ॲडमिनिस्ट्रेशन प्रकरणात पदोन्नती नाकारल्या गेलेल्या कृष्णवर्णीय कर्मचाऱ्याने तेव्हाच्या ३० दिवसांच्या मुदतीऐवजी ४२ व्या दिवशी दावा लावला. दावा फेटाळला गेला, इतकेच नव्हे तर संघीय कर्मचाऱ्यास टायटल सेव्हन हाच एकमेव मार्ग आहे, अन्य कोणत्याही कायद्याचा आधार घेता येणार नाही, असा दूरगामी नियमही त्यातून निघाला. दुसरे, २०१६ चे ग्रीन विरुद्ध ब्रेनन. कोलोरॅडोतील एका कृष्णवर्णीय पोस्टमास्तरांनी पदोन्नतीतील वांशिक भेदभावाची तक्रार केली. त्यानंतर त्यांच्यावर आरोप ठेवण्यात आले आणि निवृत्ती किंवा दूरच्या गावी कमी वेतनाची जागा, असा पर्याय ठेवणाऱ्या करारावर त्यांनी सही केली. समुपदेशकाकडे ते गेले तो दिवस राजीनाम्यापासून ४१ वा होता आणि करारापासून ९६ वा. ४५ दिवस कोठून मोजावयाचे, एवढ्याच प्रश्नासाठी हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने राजीनाम्याच्या सूचनेपासून मोजणी धरली. निर्णय न्याय्य आहे. पण ज्याला घराबाहेर काढले त्याने दार किती वाजता लागले हे सहा वर्षे सिद्ध करीत राहावे, अशी ही व्यवस्था आहे.

तक्रार ऐकणारा कोण

संघीय पद्धतीत तक्रारीची चौकशी ज्या खात्याविरुद्ध तक्रार आहे तेच खाते करते. त्यानंतर आयोगाच्या प्रशासकीय न्यायाधीशासमोर सुनावणी मागता येते, अपील करता येते, आणि १९७६ च्याच चँडलर प्रकरणानुसार न्यायालयात संपूर्ण प्रकरण नव्याने मांडता येते, हे खरे. परंतु पहिला कागद, पहिला जबाब, पहिली टिपणे खात्याच्या माणसांनी तयार केलेली असतात. सरकारी कार्यालयात काम केलेल्या कोणासही पहिल्या टिपणीचे महत्त्व सांगावयास नको. वरचे अधिकारी बहुधा खालच्या टिपणीवर 'सहमत' एवढेच लिहितात.

कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिलेला बेली प्रकरणाचा निर्णय या दृष्टीने मुळातून वाचावा असा आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या जिल्हा सरकारी वकिलाच्या कार्यालयात २०१५ साली एका सहकारी महिलेने एका क्षुल्लक प्रसंगी कृष्णवर्णीय कर्मचारी महिलेस तोच अपशब्द वापरला. तक्रार नोंदवावयाची ती जिच्याकडे, ती मनुष्यबळ विभागातील व्यक्ती शिवी देणारीची मैत्रीण. तिने तक्रार नोंदविण्यास नकार दिला आणि तक्रारदारास धमकावले, असा आरोप होता. खालच्या न्यायालयांनी 'एकदाच' आणि 'सहकारी, वरिष्ठ नव्हे' या दोन कारणांवर दावा फेटाळला होता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो पुन्हा जिवंत केला. सहकाऱ्याने एकदाच वापरलेला असा शब्दही पुरेसा तीव्र असू शकतो, आणि तक्रारीचा मार्ग अडविणे हेही सूडाचे कृत्य ठरू शकते, असे त्याने म्हटले. येथे प्रथमच न्यायालयाची नजर शब्दावरून उचलली जाऊन शब्दानंतर कार्यालयाने काय केले याकडे वळलेली दिसते.

संघीय न्यायालयांचा कल मात्र उलट राहिला. २०१३ च्या व्हान्स विरुद्ध बॉल स्टेट युनिव्हर्सिटी या निर्णयाकडे महाविद्यालयीन वाचकांचे लक्ष वेधणे आवश्यक वाटते, कारण त्यातील कार्यालय एक सार्वजनिक विद्यापीठ आहे. तेथील भोजनविभागातील कृष्णवर्णीय महिला कर्मचाऱ्याची तक्रार तिच्या कामावर देखरेख करणाऱ्या व्यक्तीविरुद्ध होती. न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरविले की, नेमणूक, बडतर्फी, पदोन्नती यांसारखे अधिकार असलेली व्यक्तीच 'पर्यवेक्षक'. रोजचे काम वाटून देणारी नव्हे. न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी विरोधी मतात कार्यालयाचे वास्तव याहून वेगळे असते असे बजावले. त्यांचे म्हणणे सरकारी सेवेस तर दुपटीने लागू पडते. नेमणूक-बडतर्फीचे अधिकार तेथे दूरच्या मुख्यालयात असतात; माणसाचा दिवस बरा जाईल की वाईट, हे ठरविणारा मात्र समोरच्या टेबलावर बसलेला असतो.

सूडाच्या भीतीचा उल्लेख वारंवार आला आहे. संघीय सेवेतील समान संधीच्या तक्रारींत सूडात्मक कारवाई हाच आरोप दीर्घकाळ सर्वाधिक आढळत आला आहे. पर्यावरण संरक्षण संस्थेतील डॉ. मार्शा कोलमन-ॲडेबायो यांनी २००० साली ज्यूरीपुढे वांशिक व लिंगाधारित भेदभावाचा खटला जिंकला आणि त्यानंतरच्या मोहिमेतून २००२ मध्ये 'नो फिअर' या संक्षिप्त नावाचा कायदा झाला. भरपाईची रक्कम सरकारच्या सामाईक निधीतून न जाता दोषी खात्याच्या स्वतःच्या अंदाजपत्रकातून जावी, ही त्यातील कळीची तरतूद. कल्पना शहाणपणाची आहे. पण भरपाईची कमाल मर्यादा १९९१ पासून ३ लाख डॉलरवरच थांबलेली असून सरकारविरुद्ध दंडात्मक भरपाई मिळतच नाही.

मापदंड बदलता येणारच नाही, असा समज असल्यास न्यूयॉर्कचे उदाहरण पाहावे. शहराच्या मानवी हक्क कायद्यातून 'तीव्र किंवा व्यापक' ही अट २००९ च्या एका निर्णयाने गळून पडली. हे प्रकरणही शहराच्या गृहनिर्माण प्राधिकरणातील, म्हणजे सार्वजनिक सेवेतील होते. २०१९ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने ती अट राज्याच्या कायद्यातूनही काढली. क्षुल्लक कुरबुरींच्या पलीकडचे काहीच घडले नाही, हे दाखविण्याची जबाबदारी आता मालकाकडे गेली आहे. त्यामुळे मॅनहॅटनमध्ये एकाच रस्त्यावरच्या दोन इमारतींत काम करणाऱ्या दोन कृष्णवर्णीय कारकुनांची स्थिती पाहा. महानगरपालिकेच्या कारकुनास तोच शब्द ऐकावा लागला तर त्याला न्यायालयात जाण्यास तीन वर्षे आहेत आणि शब्दांची संख्या मोजावयाची नाही. संघीय कार्यालयातील कारकुनास ४५ दिवस आहेत आणि सारी मोजदाद करावयाची आहे. ब्राउन निर्णयामुळे शेजारच्या इमारतीतील कायदा त्याच्यासाठी बंद आहे.

यातील विसंगती कायद्याच्या मजकुराकडे परत गेल्यास अधिकच डाचते. संघीय कर्मचाऱ्यांविषयीचे टायटल सेव्हनचे कलम सांगते की, त्यांच्याबाबतच्या कार्मिक कृती 'कोणत्याही' भेदभावापासून मुक्त असाव्यात. वयाधारित भेदभावाच्या कायद्यातील तशाच शब्दांचा २०२० मध्ये बॅब प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कर्मचाऱ्यास अनुकूल असा अर्थ लावला. २०२४ च्या मल्ड्रो प्रकरणात, सेंट लुईसच्या पोलीस अधिकारी महिलेच्या बदलीसंदर्भात, न्यायमूर्ती केगन यांनी नुकसान 'लक्षणीय' असावे ही अट अमान्य केली, कारण तो शब्द कायद्यात नाही. 'तीव्र' आणि 'व्यापक' हे शब्दही कायद्यात नाहीत. एक शब्द मजकुरात नाही म्हणून काढावयाचा आणि दुसरे दोन मजकुरात नसूनही ठेवावयाचे, याला पूर्वापार चालत आले आहे, यापलीकडे समर्थन दिसत नाही.

आपल्याकडील संदर्भ

वंश आणि जात एक नव्हेत, आणि तुलना बेताने करावयास हवी. पण वरील मापदंड घेऊन एक प्रसंग तपासून पाहण्याचा मोह आवरत नाही. १९१७ साली बाबासाहेब बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले, तेव्हा कार्यालयातील शिपाई त्यांच्या टेबलावर दुरूनच फायली टाकीत, हे चरित्रकारांनी नोंदविले आहे. शिवी नाही, धमकी नाही, पदावनती नाही. वागणारे वरिष्ठ नाहीत, व्हान्सच्या अर्थाने तर मुळीच नाहीत. महाराज स्वतः सहानुभूती बाळगणारे. म्हणजे मालकाचा बचाव तयार. व्यापकता सिद्ध होण्यासाठी किती फायली पडाव्या लागल्या असत्या? निवासाच्या प्रश्नामुळे, ज्या पारशी विश्रामगृहात ते राहिले तेथून अकराव्या दिवशी त्यांना हाकलले गेल्याने, ते बडोद्यात टिकूच शकले नाहीत. वातावरण 'व्यापक' होण्याआधीच माणूस निघून जातो, ही शक्यता या मापदंडाने धरलेलीच नाही.

आपला कायदा वेगळ्या वाटेने गेला. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळासाठी १९९७ च्या विशाखा निर्णयापासून आणि २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समिती, बाहेरची सदस्य, तीन महिन्यांची आणि आणखी तीन महिन्यांपर्यंत वाढविता येणारी मुदत, अशी दिवाणी स्वरूपाची रचना आहे. जातीय छळासाठी सर्व कार्यालयांना लागू असा तसा स्वतंत्र कायदा नाही. अनुसूचित जाती आयोगाकडे दाद मागता येते, खात्यात संपर्क अधिकारी असतो. परंतु कायद्याचा खरा धाक आहे तो १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा, आणि तो फौजदारी आहे. अपमान 'लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी' झाला पाहिजे, ही त्यातील अट. चार भिंतींआड, साक्षीदारांविना झालेला अपमान तीत बसत नाही, असे २०२० च्या हितेश वर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. साहेबाच्या बंद केबिनमध्ये जे बोलले जाते ते तेथे साक्षीदार नाही म्हणूनच बोलले जाते, हे कोणत्याही कारकुनास ठाऊक असते. अमेरिकेने संख्या मोजली, आपण साक्षीदार मोजतो.

कराडच्या शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातील भांडारपालाचे प्रकरण महाराष्ट्रातील प्राध्यापकवर्गास अपरिचित नसावे. त्यांच्या गोपनीय अहवालात वरिष्ठांनी सचोटी व चारित्र्य चांगले नसल्याचा शेरा मारला. अनुसूचित जातीच्या या कर्मचाऱ्याने २००६ च्या आरंभी पोलिसांत गुन्हा नोंदविला. वरिष्ठांवर खटला चालविण्यास संचालकस्तरावर २०११ मध्ये परवानगी नाकारण्यात आली; ती नाकारणाऱ्या अधिकाऱ्याविरुद्ध २०१६ मध्ये दुसरी तक्रार झाली. त्यातून निघाला २० मार्च २०१८ चा सुभाष काशिनाथ महाजन विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निर्णय. त्यात न्यायालयाने अटकेपूर्वी मंजुरी आणि प्राथमिक चौकशी बंधनकारक केली. देशभर निदर्शने झाली. ऑगस्ट २०१८ मध्ये संसदेने कलम १८ अ घातले. १ ऑक्टोबर २०१९ रोजी पुनर्विलोकनात न्यायालयाने स्वतःचे निर्देश मागे घेतले. आणि १० फेब्रुवारी २०२० रोजी नवे कलम वैध ठरले. या साऱ्या चर्चेचा विषय होता कायद्याचा दुरुपयोग, अटक, मंजुरी आणि अटकपूर्व जामीन. गोपनीय अहवालातील तो शेरा कामावरून आला होता की जातीवरून, या प्रश्नाचे उत्तर २०१८ च्या त्या निर्णयात मिळत नाही.